औषधापासून रोग्यापर्यंत : हिपॅटायटिस सी आणि विशेष औषधालये



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आम्हांस आठवीपासून दहावीपर्यंत गणित आणि शास्त्र शिकवीत. वहीत नुसते उत्तर लिहिलेले त्यांना चालत नसे. उत्तर बरोबर असले तरी समासात लाल शाईने दोन शब्द उमटत : "रीत दाखव." आणि अर्धे गुण जात. त्या गेलेल्या अर्ध्या गुणांचा मला त्या वयात फार राग येई. पुढे सुमारे तीस वर्षे अमेरिकेत फार्मासिस्ट म्हणून काम केल्यावर मला कळले, की सरांचे ते दोन शब्द वैद्यकालाही लागू पडतात. एखाद्या रोगावर औषध सापडले, म्हणजे उत्तर आले. ते औषध रोग्याच्या हाती पडून, त्याने ते पुरते घेऊन तो बरा होईपर्यंतची वाट म्हणजे रीत. हिपॅटायटिस सी या आजाराचे उत्तर माझ्या डोळ्यांदेखत सापडले. रीत मात्र अमेरिकेत एका प्रकारे अडली आणि आपल्या या हैदराबाद शहरात दुसऱ्या प्रकारे. या दोन्ही अडचणी मी जवळून पाहिल्या. त्याच आज आपणांसमोर मांडावयाच्या आहेत.

आजाराची ओळख

यकृताला सूज आणणारे विषाणू अनेक आहेत. दूषित पाण्याने होणारी कावीळ आपल्या परिचयाची आहे. ती येते, गाजते आणि बहुधा निघून जाते. हिपॅटायटिस सी चा स्वभाव याच्या उलट आहे. तो रक्तातून पसरतो. तपासणी न केलेले रक्त चढविणे, नीट निर्जंतुक न केलेल्या सुया आणि उपकरणे, डायलिसिसमधील निष्काळजीपणा, नशेसाठी एकच सुई अनेकांनी वापरणे, या त्याच्या वाटा होत. एका ताटात जेवल्याने, हस्तांदोलनाने वा रोग्याजवळ बसल्याने तो होत नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण या आजाराचे निम्मे दुःख लोकांच्या गैरसमजाचे असते.

लागण झालेल्यांपैकी काहींच्या शरीरातून हा विषाणू सहा महिन्यांत आपोआप नाहीसा होतो. उरलेल्यांच्या, म्हणजे बहुसंख्यांच्या, यकृतात तो ठाण मांडतो. वीस वीस वर्षे काहीही जाणवत नाही. थकवा येतो, तो माणूस वयाच्या खात्यावर टाकतो. आत मात्र यकृतावर व्रण पडत जातात. या व्रणांच्या पायऱ्या शून्य ते चार अशा मोजतात; चौथी पायरी म्हणजे सिऱ्होसिस. पुढे यकृत निकामी होणे किंवा यकृताचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग होता. त्यांपैकी सुमारे ५५ लाख भारतात होते. या विषाणूवर अद्याप लस नाही. म्हणूनच औषधाचे महत्त्व.

उत्तर सापडते

रक्त घेतलेल्या रोग्यांना 'ए' ही नव्हे आणि 'बी' ही नव्हे अशी कावीळ होते, हे हार्वे ऑल्टर यांच्या संशोधनाने १९७० च्या दशकातच दिसले होते. तिचा विषाणू १९८९ साली मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखून काढला. चार्ल्स राइस यांनी हा विषाणू एकटाच हा आजार उत्पन्न करतो हे सिद्ध केले. या तिघांना २०२० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू ओळखला गेल्यामुळे रक्ताची चाचणी करता येऊ लागली आणि रक्तपेढ्यांतून होणारा प्रसार पुष्कळ थांबला. ज्यांना आधीच लागण झाली होती त्यांचे काय, हा प्रश्न उरला.

१९९१ पासून अमेरिकेत इंटरफेरॉनची इंजेक्शने मिळू लागली. पुढे त्यांना रिबाव्हिरिनच्या गोळ्यांची जोड मिळाली. उपचार बहुधा अठ्ठेचाळीस आठवड्यांचा. ताप, अंगदुखी, रक्तक्षय आणि गाढ विषण्णता. माझ्या खिडकीशी इंजेक्शनांचा डबा परत आणून ठेवणारे आणि "आता पुरे" म्हणणारे रोगी मी पाहिले आहेत. एवढे सोसूनही ज्या जनुकप्रकाराचे रोगी अमेरिकेत सर्वांत अधिक, त्यांच्यापैकी जेमतेम निम्मे बरे होत.

६ डिसेंबर २०१३ रोजी अमेरिकेच्या औषधनियामक संस्थेने सोफोस्बुव्हिर या औषधाला मान्यता दिली आणि चित्र पालटले. विषाणू स्वतःच्या प्रती काढण्यासाठी जे विकर वापरतो, त्यालाच हे औषध रोखते. पुढच्या चारपाच वर्षांत लेडिपास्व्हिर, डॅक्लाटास्व्हिर, व्हेल्पाटास्व्हिर अशी जोडऔषधे आली. दिवसाला एकदा गोळ्या, आठ ते बारा आठवडे, त्रास अगदी थोडा, आणि शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक रोगी पूर्ण बरे. जुनाट विषाणूजन्य आजार गोळ्यांनी समूळ जातो, ही गोष्ट वैद्यकात अपूर्व होती.

पण किंमत? बारा आठवड्यांच्या सोफोस्बुव्हिरची ८४,००० डॉलर. म्हणजे एका गोळीला १,००० डॉलर. लिव्हरपूल विद्यापीठातील अँड्र्यू हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली केलेल्या अंदाजानुसार हीच बारा आठवड्यांची मात्रा बनविण्याचा खर्च १३६ डॉलरच्या आत बसत होता. संशोधनाचा आणि अपयशांचा खर्च भरून काढावा लागतो हे मान्य करूनही हे अंतर डोळ्यांत भरणारे आहे. या अंतराच्या काठावर जी संस्था उभी राहिली, तीच माझ्या आजच्या विषयातील विशेष औषधालय, म्हणजे तिकडच्या भाषेत स्पेशालिटी फार्मसी.

विशेष औषधालय म्हणजे काय?

माझ्या लहानपणी सुलतान बाजारात डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर असत. ते बाटलीत मिक्श्चर भरून देत आणि बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवीत. एक खाच म्हणजे एक मात्रा. ती देताना ते विचारीत, "घरी कोण आहे रे? आजीला वाचता येते का? मग जेवणानंतर एकेक खाच खाली आली पाहिजे, असे सांग." औषध घरी कोण देणार, याची चौकशी त्या पट्टीबरोबरच होत असे. विशेष औषधालयाचे मर्म समजून घ्यावयाचे तर ती पट्टी आणि ती चौकशी डोळ्यांसमोर ठेवावी.

अमेरिकेत चौकातल्या औषधाच्या दुकानात रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या गोळ्या मिळतात. परंतु काही औषधे अतिशय महाग, काही थंडीत जपून पाठविण्याजोगी, काही चुकीने घेतल्यास घातक अशी असतात. रक्त न गोठण्याच्या आजारावरील घटकद्रव्ये घरपोच पुरविण्याच्या व्यवसायातून अशा औषधांसाठी वेगळी औषधालये उभी राहिली. पुढे एड्स, कर्करोग, संधिवात यांच्या औषधांनी ती वाढली. काही मोठ्या रुग्णालयांनी स्वतःची विशेष औषधालये काढली. ईशान्य अमेरिकेतील अशाच एका रुग्णालयाच्या औषधालयात मी होतो. यकृताच्या बाह्यरुग्ण विभागाशेजारी आमची खोली होती. तीत दोन फार्मासिस्ट, तीन सहायक, चार दूरध्वनी आणि एक फॅक्स यंत्र. ते यंत्र दिवसभर थांबत नसे.

एका चिठ्ठीचा प्रवास

डॉक्टरांची चिठ्ठी आमच्याकडे आली की आम्ही गोळ्या मोजावयास बसत नसू. आधी कागद गोळा करीत असू. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी केवळ 'कधीतरी लागण झाली होती' एवढेच सांगते. विषाणू आज रक्तात आहे की नाही हे त्याच्या आर.एन.ए. चाचणीने कळते. ती हवी. जनुकप्रकार हवा. यकृताची व्रणपायरी हवी. ती यकृताचा ताठरपणा मोजणाऱ्या यंत्राने किंवा वय, दोन विकरे आणि रक्तातील बिंबिका यांवरून गणिताने काढता येते. हिपॅटायटिस बी ची चाचणी हवी. कारण सी चा विषाणू नाहीसा होत असता सुप्त बी उफाळून येतो, असा स्पष्ट इशारा २०१६ साली या सर्व औषधांवर छापण्यात आला. आणि रोगी घेत असलेल्या प्रत्येक औषधाची यादी हवी.

ही यादी घेणे हे माझे काम होते आणि त्यात अर्धा तास सहज जाई. "आणखी काही घेता का?" असे विचारले तर रोगी "नाही" म्हणतो. "पोटात जळजळते तेव्हा काय घेता?" असे विचारले की आम्लपित्ताच्या गोळ्या बाहेर निघतात. आम्ल कमी झाले की लेडिपास्व्हिर आणि व्हेल्पाटास्व्हिर शरीरात नीट शोषली जात नाहीत, म्हणजे महिन्याची मोलाची गोळी फुकट जाते. अपस्माराची काही औषधे आणि क्षयावरील रिफॅम्पिसिन या औषधांचा प्रभाव घालवितात. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर दिले जाणारे अमिओडॅरोन सोफोस्बुव्हिरबरोबर घेतल्यास हृदयाची गती धोकादायक रीतीने मंदावते. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या नियामक संस्थेने तसा इशारा दिला. हे नाव कृपया लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

दुसरी पायरी विम्याची. अमेरिकेत बहुतेकांचा औषधखर्च विमा कंपनी उचलते, पण ते काम ती एका मध्यस्थ कंपनीकडे सोपविते. कोणते औषध यादीत घ्यावयाचे, कोणत्या औषधालयातून द्यावयाचे हे ती मध्यस्थ कंपनी ठरविते. महाग औषधाला तिची पूर्वमंजुरी लागते. त्यासाठी आठ आठ पानांचे अर्ज, तपासण्यांचे अहवाल, डॉक्टरांची टिपणे. एक अहवाल सहा महिन्यांपेक्षा जुना निघाला की अर्ज परत. डॉक्टरांना रोगी तपासावयाचे असतात. हे कागद लिहावयास त्यांना वेळ नसतो. ते आमचे सहायक लिहीत. अर्ज फेटाळला तर अपील, मग विमा कंपनीच्या डॉक्टरशी आमच्या डॉक्टरांचे दूरध्वनीवर बोलणे, त्यानंतर बाहेरच्या तज्ज्ञाकडे दाद. हा क्रम, त्यांच्या मुदती आणि नकाराच्या पत्रातील नेमका शब्द यांचे ज्ञान हीच आमची खरी विद्या होती.

तिसरी पायरी रोग्याच्या हिश्श्याची. विमा मंजूर झाला तरी काही टक्के रक्कम रोग्याने भरावयाची असते. एवढ्या महाग औषधाचे थोडे टक्केदेखील हजारो डॉलर होतात. खासगी विमा असेल तर उत्पादक कंपनीचे सवलतपत्र चाले. वृद्धांच्या सरकारी विम्याला ते कायद्याने चालत नसे. त्यांच्यासाठी धर्मादाय निधींकडे अर्ज करावा लागे. ते निधी एखाद्या सकाळी उघडत आणि पैसे संपले की बंद होत, म्हणून आमची एक सहायक दररोज सकाळी प्रथम ते पाहून मगच कोट काढून ठेवी. २०२५ साली तेथील वृद्धांच्या विम्यात औषधांवरील स्वतःच्या खर्चाला वर्षाकाठी २,००० डॉलरची मर्यादा घालण्यात आली. ती आमच्या वेळी असती तर किती पायपीट वाचली असती!

मग चौथी पायरी : औषध पोचविणे. एका वेळी अठ्ठावीस दिवसांचेच. काहींना घरी नको असे, कारण कुटुंबाला आजार ठाऊक नाही; काहींना घरच नसे. त्यांच्या बाटल्या दवाखान्यात राहत आणि ते दर आठवड्याला येऊन नेत. तिसऱ्या आठवड्यात आम्ही दूरध्वनी करीत : किती गोळ्या उरल्या, किती चुकल्या, पत्ता बदलला का, नोकरी बदलली का?

हा शेवटचा प्रश्न आमच्या प्रश्नावलीत पूर्वी नव्हता. तो कसा आला तेही प्रांजळपणे सांगतो. एका रोग्याच्या दोन बाटल्या डिसेंबरपर्यंत झाल्या. १ जानेवारीला त्याच्या मालकाने विमा कंपनी बदलली आणि तिसरी बाटली अडली. नवी पूर्वमंजुरी मिळेपर्यंत आठ दिवस त्याला गोळीविना काढावे लागले. डिसेंबरात विचारणे माझे काम होते. मी विचारले नव्हते. सुदैवाने तो बरा झाला. परंतु शेवटच्या तपासणीचा कागद येईपर्यंतचे ते महिने मला अजून आठवतात.

ही शेवटची तपासणी म्हणजे पाचवी पायरी. औषध संपल्यानंतर बारा आठवड्यांनी रक्तात विषाणू आढळला नाही, तरच रोगी बरा झाला असे म्हणतात. गोळ्या संपल्या, बरे वाटते, मग रक्त कशाला द्यावयाचे, असे पुष्कळांना वाटते. त्यांना पुनःपुन्हा बोलावून आणावे लागे. बरे झाल्यावर पुन्हा लागण होऊ शकते, कारण हा आजार एकदा झाला म्हणून कायमचे संरक्षण मिळत नाही, हेही तेव्हाच सांगावे लागे.

नकाराचे पत्र

या सर्व कुशलतेला कोठे सीमा पडते, हे मला एका बाईंनी शिकविले. त्या शाळेची बस चालवीत. तरुणपणी बाळंतपणात रक्त चढविले गेले होते. साठीच्या उंबरठ्यावर आजार कळला. व्रणपायरी दुसरी. २०१५ च्या उत्तरार्धात आम्ही अर्ज केला. विमा कंपनीचा नियम असा, की तिसऱ्या वा चौथ्या पायरीच्या रोग्यांनाच औषध द्यावयाचे. त्या काळी अनेक विमा कंपन्यांचे आणि अनेक राज्यांच्या गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचेही असेच नियम होते. नकाराचे पत्र मी त्यांना वाचून दाखविले. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे मी आणखी थोडी बिघडून यावे, असेच ना?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही दोनदा अपील केले, डॉक्टर बोलले. दोन्ही वेळा नकार. उत्पादक कंपनीची मोफत योजना विमा नसलेल्यांसाठी होती. यांना विमा होता. २०१७ च्या आरंभी त्या कंपनीने नियम बदलला आणि आम्ही त्याच दिवशी अर्ज पाठविला. बाई बारा आठवड्यांत बऱ्या झाल्या. परंतु मधल्या काळात यकृत तिसऱ्या पायरीवर गेले होते. विषाणू गेला तरी कर्करोगाच्या धोक्यासाठी त्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते. औषध जगात उपलब्ध असताना एक पायरी व्यर्थ चढली गेली, आणि ती पायरी उतरविणे कोणत्याही औषधालयाच्या हाती नव्हते.

नियम बदलले ते औषधालयांमुळे नव्हे, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. नोव्हेंबर २०१५ मध्ये तेथील केंद्र शासनाने राज्यांना पत्र लिहून अशा अटींविषयी समज दिली. रोग्यांच्या वतीने खटले झाले. आणि मुख्य म्हणजे प्रतिस्पर्धी औषधे आली. २०१७ साली एका नव्या औषधाचा आठ आठवड्यांचा उपचार २६,४०० डॉलरला निघाला. २०१९ साली लुईझियाना राज्याने ठरावीक रकमेत हवे तितके औषध घेण्याचा करार केला. किंमत उतरताच नियमांची कठोरताही उतरली.

आणखी एक कटू गोष्ट. नदीवर पूल असावा, पण नदी खणणारा आणि पुलाची पट्टी वसूल करणारा एकच असू नये. अमेरिकेतील सर्वांत मोठी विशेष औषधालये आज त्याच उद्योगसमूहांच्या मालकीची आहेत, ज्यांच्या विमा कंपन्या आणि मध्यस्थ कंपन्या पूर्वमंजुरी देतात वा नाकारतात. या मध्यस्थांच्या व्यवहारांवर तेथील संघराज्य व्यापार आयोगाने २०२४ आणि २०२५ साली टीकात्मक अहवाल प्रसिद्ध केले. माझ्या व्यवसायबंधूंची निष्ठा मी जाणतो. परंतु त्यांच्या श्रमांचा मोठा भाग माणसांनीच उभ्या केलेल्या अडथळ्यांत खर्ची पडतो, हेही मी जाणतो.

आपल्या शहरात

आता हैदराबादकडे येतो. सप्टेंबर २०१४ मध्ये सोफोस्बुव्हिरच्या मूळ कंपनीने सात भारतीय औषधकंपन्यांना ते बनवून ९१ देशांत विकण्याचे परवाने दिले. त्यांत आपल्या शहरातील हेटेरो होती. मार्च २०१५ मध्ये याच शहरातील नाटको त्यांत सामील झाली. त्या महिन्यात नाटकोची अठ्ठावीस गोळ्यांची बाटली १९,९०० रुपयांना बाजारात आली. तेव्हाच्या विनिमयदराने अमेरिकेतील एका गोळीच्या किमतीत येथे तीन बाटल्या, म्हणजे संपूर्ण बारा आठवड्यांचे सोफोस्बुव्हिर मिळत होते! ती बातमी वाचली तेव्हा त्या बसवाल्या बाईंचे कागद माझ्यापर्यंत यावयाचे होते. पुढे त्यांचे नकारपत्र वाचताना मला त्या बातमीची आठवण झाल्याखेरीज राहिली नाही.

माझ्या मामांना १९८८ च्या एका शस्त्रक्रियेत रक्त दिले गेले होते. पुढे आजार निघाला. इंटरफेरॉन त्यांनी चार महिने घेतले आणि खर्चाने व विषण्णतेने सोडले. २०१६ साली डॉक्टरांनी त्यांना सोफोस्बुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर लिहून दिले. मामांनी काचीगुड्याच्या एका दुकानातून पहिल्या महिन्याच्या गोळ्या रोख पैसे देऊन आणल्या आणि आनंदाने मला दूरध्वनी केला. ना पूर्वमंजुरी, ना अपील. माझे डोळे भरून आले. मग सवयीने मी म्हणालो, "मामा, सुरू करण्यापूर्वी तुमच्या सगळ्या गोळ्यांची नावे मला वाचून दाखवा."

"अरे, त्या तर जुन्याच गोळ्या. त्यांचे काय?"

"तरी वाचा."

त्यांनी चष्मा आणला आणि एकेक नाव वाचले. चौथे नाव अमिओडॅरोनचे होते. हृदयाचे डॉक्टर वेगळे, यकृताचे वेगळे. दोघांनाही एकमेकांच्या चिठ्ठ्या ठाऊक नव्हत्या. मी विचारले, "दुकानात कोणी काही विचारले नाही?" मामा म्हणाले, "विचारले ना. बिल पाहिजे का, असे विचारले."

दोन्ही डॉक्टरांशी बोलणे झाले. अमिओडॅरोन बंद केले तरी ते शरीरात कित्येक आठवडे राहते. म्हणून काही काळ थांबून, पहिले दोन दिवस रुग्णालयात हृदयाची नोंद ठेवत आणि पुढे दोन आठवडे घरी रोज नाडी मोजत उपचार सुरू केला. मामा बरे झाले. पुढे सात वर्षे ते रोज सकाळी फिरावयास जात.

त्या रात्री मला दोन्ही देशांचा हिशेब एका ओळीत दिसला. तेथे प्रश्न विचारणारे होते, पण औषध परवडत नव्हते. येथे औषध परवडत होते, पण प्रश्न विचारणारे नव्हते.

समारोप

सुदैवाने आपल्याकडे वाट पुढे सरकली आहे. पंजाब राज्याने २०१६ साली हिपॅटायटिस सी चे औषध सरकारी रुग्णालयांतून मोफत देण्यास आरंभ केला. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याखाली नेमलेल्या सरकारी केंद्रांतून तपासणी आणि औषध दोन्ही मोफत मिळतात. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१५ च्या नियमांत रोग्याला औषधाविषयी समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य म्हणून नोंदले आहे. कागदावर रीत आली आहे. ती खिडकीवर यावयाची आहे.

या सभागृहात औषधांची दुकाने चालविणारे माझे काही शाळूसोबती आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच : हिपॅटायटिसची चिठ्ठी आली तर तीन प्रश्न विचारा. आणखी कोणकोणत्या गोळ्या घेता? बाटली संपण्याआधी पुढची कोठून आणणार? आणि गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी रक्त तपासणार ना? या प्रश्नांना यंत्र लागत नाही, भांडवल लागत नाही. आणि आपणांपैकी ज्यांनी पूर्वी कधी रक्त घेतले असेल, डायलिसिस केले असेल, वा ज्यांच्या घरी तसे कोणी असेल, त्यांनी एकदा प्रतिपिंडांची चाचणी करून घ्यावी. हा आजार गप्प बसतो. त्याला बोलते आपणच करावे लागते.

सरांनी माझ्या वहीत शेवटचे "रीत दाखव" लिहिले त्याला आता पन्नास वर्षे होत आली. ते अर्धे गुण त्यांनी का कापले, हे सांगावयास मी आज आलो होतो. उशीर झाला, याबद्दल त्यांच्या स्मृतीची क्षमा मागतो आणि त्यांना वंदन करतो.